माझी सरकारी जीभ

आपल्या मासिकाच्या चालकांनी मला लिहायला सांगितलं ते आबकारीतल्या गमतीजमतींवर. "तुम्ही चोरट्या भट्ट्या पकडल्यात, खाडीत होड्या अडवल्यात, सणासुदीच्या अंकात वाचकांना मौज वाटेल," असं त्यांचं पत्र. मौजेच्या गोष्टी आहेत. एखादी सांगतोही. पण मी त्या खात्यात आज का नाही, हे कल्याणात कुजबुजीने सगळ्यांना ठाऊक असलं तरी माझ्या तोंडून फार थोड्यांनी ऐकलं आहे. ते गाळून बाकीचं लिहायला बसलो, तर दोन ओळींपुढे लेखणी जाईना. तेव्हा तेच लिहितो.

आधी आमचं काम काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना आबकारीवाला म्हणजे नुसता धाडी घालणारा वाटतो. मोहाची फुलं भिजवून आंबवायची, ती उकळायची, आणि वर येणारी वाफ गार करून धरायची, की झाली दारू. सरकारचा परवाना असेल त्यानेच ती गाळायची आणि ठरलेल्या कसाची करून दुकानात विकायची. बाकी सगळी चोरटी. कस म्हणजे दारूचा जोर. तो मोजायला आमच्याकडे काचेची एक नळी असे, बुडाशी फुगा, फुग्यात शिसं. पाण्यात सोडली की नळी उंच तरंगते. दारूत बुडते, आणि दारू जेवढी कडक तेवढी खोल बुडते. नळीवरच्या रेघा वाचायच्या आणि आकडा लिहायचा. एवढं सोपं.

पण नळी फुटते, मुंबईहून दुसरी यायला महिना लागतो, आणि तोवर काम थांबत नाही. अशाच एका महिन्यात मी जिभेवर घेऊन कस सांगायला लागलो. थेंब जिभेच्या टोकावर घ्यायचा, टाळूला लावायचा, थुंकायचा आणि आकडा बोलायचा. नवीन नळी आल्यावर ताडून पाहिलं तर माझे आकडे रेघेला रेघ जुळत होते. दारूच्या दुकानांच्या मक्तेदाराने एकदा खोडसाळपणे साहेबांसमोर माझ्यापुढे चार वाट्या मांडल्या. तीन बोलून दाखवल्या आणि चौथीला म्हणालो, "शेटजी, ही तुमचीच. पाणी सकाळी घातलंत की काल?" साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. त्या दिवसापासून माझी जीभ सरकारी झाली. वरिष्ठ पत्रातसुद्धा लिहीत, 'यांच्या जिभेवर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.'

मी जातीने ब्राह्मण. दुसऱ्याच्या घरचं पाणी पिताना चारदा विचार करणारा, पण कुणाच्याही मडक्यातली दारू जिभेला लावताना मला कधी काही वाटलं नाही. ते सरकारी काम होतं ना!

गंमत सांगायची तर भोपळ्यांची. एकदा कोपरच्या बाजूला खाडीत एक म्हातारा होडी वल्हवत चालला होता. होडीमागे दोरीला पाचसहा सुके भोपळे, पोहायला शिकणारे कमरेला बांधतात तसले. आमचा शिपाई रामजी म्हणाला, "रावसाहेब, म्हाताऱ्याची नातवंडं पोहायला शिकताहेत वाटतं."

मी म्हटलं, "रामजी, रिकामा भोपळा पाण्यावर नाचतो. हे बघ कसे भरल्या दिवसांच्या बाईसारखे चाललेत."

ओढून काढले तर सगळे दारूने भरलेले! म्हातारा मुळीच घाबरला नाही. उलट विचारतो कसा, "कुठला चांगला निगला, सांगा तरी." मी प्रत्येकातली जिभेवर घेतली आणि सांगितलं, तिसरा. आणि तिसऱ्यातली मी थुंकली नाही.

थुंकणं नेमकं कधी थांबलं, हे मला सांगता येत नाही. गिळलेला पहिला घोट आठवत नाही. पहिल्यांदा थुंकावंसं वाटलं नाही, ते आठवतं. मग कामाच्या दिवशी, मग कामाच्या आदल्या दिवशी, मग उठल्याबरोबर हात स्थिर व्हावा म्हणून. मक्तेदाराचा माणूस मागच्या दाराने बाटली ठेवून जाई. घरी कुणी शब्द काढला नाही. फक्त माझ्या कोटाच्या खिशात रोज चार वेलदोडे असत. मी ते ठेवत नसे. ते कोण ठेवतं आणि कशासाठी, हे मला कळत होतं आणि कळत नसल्यासारखा मी ते चघळत होतो. असं सहा वर्षं चाललं. या काळात कुणी मला दारुडा म्हटलं असतं तर मी त्याच्यावर फिर्याद केली असती.

आता मूळ गोष्ट.

चैत्रातले दिवस होते. दिवा गावाजवळ खाडीकाठी आगरी लोकांचं एक खेडं आहे. तिथला गोमा नावाचा माणूस कचेरीत येऊन सांगू लागला, की शेजारच्या चांगूची बायको आंबी रोज पहाटे पेंढ्याच्या उडवीखाली मडकं लपवते. सकाळीच निघालो. नळीची पेटी रामजीने उचलली तर मी म्हटलं, "राहू दे रे, ओझं कशाला?" निघण्याआधी मी माझं सकाळचं घेतलं होतं. नेहमीपेक्षा जरा जास्तच, कारण होडीत वारा लागतो.

गावात गेलो, पाटील आणि एक वाणी, दोघंही आगरी नव्हेत, असे साक्षीला दोन पंच घेतले. उडवीखाली मडकं निघालं, तोंडाला फडकं बांधलेलं. आत स्वच्छ, नितळ. आंबी धावत आली. पंचविशीची असेल, हाताला चिखल तसाच.

"रावसाब, पानी हाय त्ये! डोंगराचं गोडं पानी हाय!"

मी म्हटलं, "पाणी कुणी पेंढ्यात लपवतं का, बाई?"

"नाय लपवलं तं ह्ये लोक ठेवतील काय? इथं सगली खारट खाडी. मुंब्र्याच्या डोंगराशी जाऊन होडीतशी आनलंय. तुमी पिऊन बगा ना!"

मी बोट बुडवलं, जिभेला लावलं, टाळूला लावलं. आणि मला दारू लागली. खोटं बोलत नव्हतो. मला खरोखर दारू लागली. मडक्यात दारू असणार हे मी घरून ठरवून आलो होतो, आणि जिभेवर सकाळची होतीच. मी म्हणालो, "मोहाची. कस बेताचा." पंचांना म्हटलं, "वास घ्या." पाटील माझ्या खांद्याशी वाकला. मडक्यावर मी, माझ्या तोंडाशी तो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "येतो वास, रावसाहेब." वाण्यालाही आला. चाखायला दोघंही तयार नव्हते. आगऱ्याच्या मडक्यातलं कोण चाखणार? दोघांनी सह्या केल्या. नियमाप्रमाणे नमुन्याच्या दोन बाटल्या भरल्या, लाखेची मोहर केली. एक कोर्टाला आणि एक कचेरीच्या कपाटात. बाकीचं मडकं रामजीने तिथेच ओतून फोडलं. आंबी त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. घरचं प्यायचं सगळं पाणी होतं ते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कचेरीत आल्यावर नळी लावायची असा नियम. मी लावली नाही. जिभेचा आकडा लिहिला.

कोर्टात बाटली मेजावर होती, मोहर शाबूत, म्हणून कुणी उघडली नाही. मॅजिस्ट्रेटसाहेब मला म्हणाले, "तुम्ही स्वतः चाखलंत ना? मग झालं." आंबी पिंजऱ्यातून ओरडली, "वास त्याच्याच तोंडाला येतो, सायेब! आतासुदा येतोय!" कोर्टात हशा पिकला. आरोपी असं काहीबाही बोलतातच. मीही हसलो. दोन महिने कैद. तिला ठाण्याच्या तुरुंगात नेलं.

तीन आठवडे गेले. मक्तेदाराचे वडील वारले म्हणून त्याचा माणूस दोन दिवस आला नाही. रविवारी सकाळी माझे हात असे हलत होते की सदऱ्याची गुंडी लागेना. दुकानात उघड जाणं शक्य नव्हतं. माझ्याजवळ कचेरीच्या कपाटाची किल्ली होती.

कचेरीत कुणी नव्हतं. कपाटात एकच बाटली होती, आंबीच्या खटल्यातली. मी विचार केला, शिक्षा झाली, खटला संपला, ही आता ओतूनच टाकायची. लाख फोडली आणि तोंडाला लावली.

पाणी होतं.

मी आणखी एक घोट घेतला. पाणी. थंड, गोड, डोंगराचं पाणी. आधी मला रागच आला, माझी कुणी बाटली बदलली म्हणून. मग फोडलेली लाख उचलून पाहिली. मोहर माझीच, चिठ्ठीवर सही माझीच. पेटीतली नळी काढून बाटलीतलं पेल्यात ओतलं आणि सोडली. नळी उंच तरंगली. पेल्यातलं पेटतं का पाहायला काडी ओढून धरली, ती विझली. मी जमिनीवर बसलो. एवढं आठवतं, की आंबीचा विचार नंतर आला. पहिला विचार आला तो असा: म्हणजे आता प्यायला काही नाही.

हे लिहिताना आजही माझा मलाच धक्का बसतो. एक निरपराध बाई माझ्या बोटाएवढ्या शब्दावर तुरुंगात बसली आहे हे कळल्याच्या क्षणी मला तहान आठवली. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मी पितो असं नाही, मला काहीतरी झालेलं आहे.

तरी मी लगेच बोललो नाही. दुपारी कुठूनतरी मिळवली, प्यालो, झोपलो. सोमवारी हात तसेच. तेव्हा सरकारी दवाखान्यात बेंजामिन डॉक्टरांकडे गेलो. हे बेने इस्राएल यहुदी, अलिबागकडचे, वयाने माझ्याहून मोठे, स्वभावाने रोखठोक. मी म्हटलं, "हात थरथरतात. वाताचं काहीतरी द्या."

त्यांनी हात पाहिला नाही, डोळे पाहिले. "किती घेता, दारोगा?"

"छे, छे. कामापुरती."

"रविवारीही काम असतं वाटतं?"

मी हात मागे घेतले. ते म्हणाले, "एकदम सोडाल तर भिंतीवर मुंग्या दिसतील, आकडी येईल. मी मोजून देईन, माझ्यासमोर, रोज थोडी कमी. पण औषध ते नव्हे. औषध असं, की रोज दिवे लागायच्या आधी इथे यायचं, त्या बाकावर बसायचं, आणि काल काय केलं ते मला सांगायचं. खरं. मी काही विचारणार नाही, उपदेशही करणार नाही. मला सवड नाही."

मला हे विचित्र वाटलं. वैद्य काढा देतो, देवऋषी अंगारा देतो. नुसतं बसून सांगायचं हे कसलं औषध? पण गेलो. सोमवारी सांगितलं, बाटली कुठे लपवतो ते. मंगळवारी वेलदोड्यांचं सांगितलं. बुधवारी भोपळ्यांचं सांगितलं तर डॉक्टर हसले, आणि मला वाटलं आता आपण सुटलो. गुरुवारी बाकावर बसलो. डॉक्टर जखम धूत होते कुणाची तरी. तो माणूस गेला. मग मी कपाटातल्या बाटलीचं सांगितलं.

डॉक्टर हात पुसत होते, ते पुसायचे थांबले. "आणि ती बाई?"

"आत आहे."

"अजून? रविवारपासून तुला ठाऊक आहे?"

"हो."

ते मला तोवर 'अहो' म्हणत असत. "अरे," ते म्हणाले, "मग तू माझ्यापुढे कशाला बसलायस?"

पाण्याला दारू म्हटलं ती चूक दारूने केली असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण रविवार ते गुरुवार हे पाच दिवस माझे होते. त्यातला एकही दारूच्या नावावर टाकता येत नाही.

शुक्रवारी बाटली घेऊन मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण मोहर केलेली बाटली तुम्ही फोडलीत कशासाठी?"

"प्यायला."

लिहिणाऱ्या कारकुनाचा बोरू थांबला. त्याने साहेबांकडे पाहिलं. "लिहू?"

साहेबांनी मोहर फुटलेली बाटली हातात घेऊन पाहिली. "लिही," ते म्हणाले. मग हळूच मला, "मी ती उघडून पाहायला हवी होती." एवढंच. कागद वर गेले, आंबी सुटली, माझी नोकरी गेली. नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा आतून बायकोचं एवढंच ऐकू आलं, "बरं झालं. आता वेलदोडे शिऱ्यात तरी पडतील."

मला वाटलं, संपलं. पंधरा दिवसांनी दारात आंबीचा नवरा चांगू उभा. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"सरकारनं सोडली. जात सोडत नाय."

तुरुंगात दुसऱ्यांच्या हातचं खाल्लं म्हणून जातीच्या पंचांनी तिला बाहेर ठेवलं होतं. चूल वेगळी, ताट वेगळं, होडीवरही कुणी बसू देईना. चांगू सांगत होता, की पंचांना कोर्टाचा कागद दाखवला, तर ते म्हणतात, सुटून तं सगलेच येतात. कागद आमाला वाचता येत नाय. ज्यानं धरलन त्यानं येऊन तोंडानं सांगावं.

मी म्हटलं, "मी येईन." दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आजचं बसणं तिकडेच. उद्या ये."

गावात देवळापुढे पंच बसले होते, बायका मागे, आंबी एकटी एका बाजूला उन्हात. मी कोर्टात बोललो होतो ते मॅजिस्ट्रेटपुढे, दार लावून. इथे सगळा गाव. गोमाही होता. सह्या करणारा पाटीलही होता, तो माझ्याकडे बघेना. मी सांगितलं, "मडक्यात पाणी होतं. दारू माझ्या तोंडात होती. मी त्या सकाळी प्यालो होतो. रोज पीत होतो. हिचा काही दोष नाही, हिने पहिल्यापासून खरंच सांगितलं." कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पंचांतला सगळ्यात म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "रावसाब, तवाबी तुमी असंच सांगत व्हता. सपत घेऊन. दारू हाय, दारू हाय. आमी तवाबी मानलं." जरा थांबला. "आज तुमी प्यालेले नाय कशावरना? प्यालेल्याचं बोलनं आमी दोनदा मानावं काय?"

डॉक्टरांनी सकाळपासून काही दिलं नव्हतं, तो पहिलाच कोरडा दिवस होता, पण हे सांगणार कोण? मी? मी हात पुढे केले, ते थरथरत होते. त्यावरून तर उलटच वाटावं.

तेव्हा आंबी उन्हातून उठली. पंचांच्या परवानगीशिवाय ती मधे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या खांद्याएवढी होती. म्हणाली, "आ कर."

मी तोंड उघडलं. तिने टाचा उचलून, नाक माझ्या तोंडाशी आणून वास घेतला. घाई केली नाही. एकदा घेतला, मान वळवून खाडीचा वारा घेतला, आणि परत घेतला. मग पंचांकडे वळली.

"नाय. आज कोरा हाय," ती म्हणाली. "आज बोलतो त्ये माना."